टोपलीला एक हात



बारावीची परीक्षा जवळ आली की आपल्या धर्मग्रामातली संध्याकाळ लगेच ओळखू येते. चर्चच्या मैदानात खेळणारी मुले कमी होतात, रोजरीला येणाऱ्या आयांची संख्या वाढते आणि एरवी मागच्या दाराजवळ उभी राहणारी तरुण मंडळी पुढच्या बाकांवर दिसू लागतात. या दिवसांत प्रभूच्या ओळखी बऱ्याच वाढतात!

अशाच एका संध्याकाळी बारावीचा एक मुलगा माझ्याकडे आला. त्याच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर एका विद्यापीठाचा प्रवेशअर्ज. नाव, पत्ता, गुण, पालकांचे उत्पन्न, सगळे भरून झाले होते. शेवटच्या एका रकान्यापाशी त्याची गाडी अडली होती. ‘रोजच्या जीवनातील कोणत्या अनुभवाने तुम्हाला प्रेरणा दिली? तीनशे शब्दांत लिहा.’

“फादर, काय लिहू? माझ्या आयुष्यात काही घडलंच नाही,” तो म्हणाला. “घर, क्लास, कॉलेज, परत घर. बाबा नोकरीला जातात, आई घरी असते. आम्ही गरीब नाही, श्रीमंत नाही. कोणी आजारी नाही. यात प्रेरणा कुठली?”

त्याच्या बोलण्यात विनोद नव्हता. त्याला खरोखरच वाटत होते की प्रेरणा मिळण्यासाठी आयुष्यात एखादा अपघात तरी व्हायला हवा, नाहीतर एखादा चमत्कार तरी. तोवर त्याने एक मसुदा लिहून पाहिला होता. त्यात डॉ. अब्दुल कलाम होते, मदर तेरेसा होत्या आणि आपण आपले मानतो ते संत गोन्सालो गार्सियाही होते. तिघेही थोर. गोन्सालो गार्सिया तर आपल्याच वसईत जन्मलेले; ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी क्रुसावर प्राण दिले आणि १८६२ साली ते संतपदाला पोहोचले. पण मसुदा वाचताना मला वाटले, की हे तिघेही या मुलाच्या घरात कधी आलेले नाहीत. भिंतीवरच्या तसबिरींसारखे ते वर टांगलेले आहेत आणि खाली मुलगा मोबाइल घेऊन बसला आहे.

मी त्याला विचारले, “कलामसाहेब लहानपणी रामेश्वरमला वर्तमानपत्रे वाटायचे, हे तू लिहिलंस. तुझ्या घरी पेपर कोण टाकतो?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “कोणीतरी टाकतो. मी झोपलेला असतो.”

त्या उत्तराचा मी बराच वेळ विचार करत राहिलो. वर्तमानपत्रे वाटणारा मुलगा पुढे राष्ट्रपती झाला म्हणून त्याची वर्तमानपत्रे आपल्याला प्रेरणा देतात. जो राष्ट्रपती झाला नाही, जो अजूनही पहाटे आपल्या दाराशी पेपर टाकतो, त्याच्या कष्टात ती प्रेरणा नाही का? की आपण कष्टांकडे पाहतच नाही, फक्त यशाकडे पाहतो, आणि यशामागे कष्ट निघाले तर तेवढ्यापुरते त्यांचे कौतुक करतो?

मी त्याला तीन दिवसांचे काम दिले. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत जी माणसे दिसतील, ती काय करताना दिसली तेवढे एका वहीत लिहायचे. आपल्याला काय वाटले ते लिहायचे नाही. फक्त काय दिसले ते.

आता ‘प्रेरणा’ या शब्दाकडे थोडे पाहू या. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना लागलेली ही माझी जुनी खोड आहे, आपण सांभाळून घ्याल. आपला ‘प्रेरणा’ हा शब्द संस्कृतातून आला. त्याच्या मुळाशी ‘गती देणे, पुढे ढकलणे’ हा अर्थ आहे. युरोपातल्या भाषांत त्यासाठी जो शब्द आहे तो लॅटिनमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘आत श्वास फुंकणे’ असा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर मातीच्या माणसात श्वास फुंकतो, ते चित्र इथे आठवावे. दोन्ही शब्द एकत्र ठेवले तर एक गोष्ट लक्षात येते. प्रेरणा ही साठवून ठेवायची वस्तू नाही. जो ढकलला गेला तो जागेवरून हलला पाहिजे आणि आत घेतलेला श्वास बाहेर सोडला पाहिजे. श्वास आत घेऊन धरून ठेवला तर माणूस गुदमरतो. म्हणून एखाद्या अनुभवाने मला प्रेरणा दिली असे मी म्हणतो, तेव्हा पुढचा प्रश्न असा येतो, की मग मी कुठे हललो? आणि कोणाच्या दिशेने हललो?

तीन दिवसांनी मुलगा वही घेऊन आला. वहीत बरेच काही होते. पहाटे मोटार लावून टाकी भरणारी आई. रिक्षाच्या रांगेत आजारी बाईला पुढे जाऊ देणारे गृहस्थ. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांनी फोडलेल्या काचा निमूटपणे गोळा करणारे मामा. विरार लोकलमध्ये दाराशी लटकणाऱ्या अनोळखी माणसाचा दंड घट्ट धरून ठेवणारा दुसरा अनोळखी माणूस. आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास, सगळे जग स्टेशनकडे धावत असताना, रात्रपाळी संपवून उलट दिशेने घराकडे चालत येणारी त्याच्या गल्लीतली एक नर्स.

या नर्सवर त्याने तीनशे शब्द लिहूनही आणले होते. मसुदा चांगला होता. रात्रभर रुग्णांची सेवा करून, चेहऱ्यावर हसू घेऊन परतणारी ही स्त्री आपल्याला निःस्वार्थ सेवेचा धडा देते, तिच्याकडे पाहून आपण डॉक्टर व्हायचे ठरवले, असा त्याचा आशय. वाचताना माझ्याही डोळ्यांत पाणी आले. वर्ग घेणारा मास्तर असतो तर मी त्याला दहापैकी नऊ गुण दिले असते.

पण मी त्याला एकच विचारले, “तू तिच्याशी बोललास का?”

“नाही, फादर. कशाला? मी रोज बघतो ना.”

“मग आधी बोल. नंतर अर्ज पाठव.”

त्याला ते फारसे रुचले नाही. अर्जाची मुदत दोन दिवसांत संपत होती. मी एवढा आग्रह का धरला हे मी त्याला त्या वेळी सांगितले नाही. ते आज आपणा सर्वांना सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

मी १९९८ साली बारावीला होतो. वसईतल्या आमच्या गावाहून मुंबईच्या एका ज्युनियर कॉलेजात जायचो. आमची थोडी वाडी होती. आई वाडीतली भाजी आणि केळी घेऊन आठवड्यातून चार दिवस पहाटे दादरला जायची. त्या काळी आपल्या कितीतरी घरांतल्या बाया हेच करत होत्या. आमच्या शिक्षणाची फी त्या टोपल्यांतून आली, हे आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना वेगळे सांगायला नको.

एके दिवशी आईची पहाटेची गाडी चुकली असावी. मी मित्रांबरोबर वसई रोड स्थानकाच्या फलाटावर आलो, तेव्हा ती मालडब्याच्या जागेशी उभी होती. टोपली खाली ठेवलेली, डोक्यावर चुंबळ, आणि ती इकडेतिकडे पाहत होती. माझ्याबरोबर कॉलेजातले चार मित्र होते. ते शहरातले होते, इंग्रजी बोलणारे. मी मान वळवली आणि जिन्याच्या पलीकडे गेलो. दुसऱ्या डब्यात चढलो. दादरला उतरलो तेव्हाही मागे पाहिले नाही.

पुढे मी सेमिनरीत गेलो. गुरुदीक्षेनंतर गावात पहिले मिस्साबलिदान अर्पण केले. मांडवात आभाराचे भाषण करताना मी आईबद्दल बोललो. तिच्या डोक्यावरची ती जड टोपली, तिचे ते पहाटेचे उठणे, तीच माझ्या पाचारणाची प्रेरणा, असे मी म्हणालो. लोक रडले, टाळ्या वाजल्या. आयुष्यातले माझे ते सर्वांत गाजलेले भाषण.

रात्री पाहुणे गेल्यावर आई ओटीवर भांडी पुसत बसली होती. म्हणाली, “बरं बोललास. पण टोपली फार जड केलीस तू. एवढी जड नव्हती ती.” मी हसलो. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “एकदा डोक्यावर गेली की काही वाटायचं नाही रे. चढेपर्यंतच काय ते. हात लावायला कोणीतरी लागायचं.”

ती पुन्हा भांडी पुसू लागली. माझ्या मात्र तोंडचे पाणी पळाले. भरलेली टोपली माणूस एकट्याने डोक्यावर घेऊ शकत नाही. समोरून कोणीतरी हात द्यावा लागतो. त्या दिवशी फलाटावर ती इकडेतिकडे पाहत होती ती गाडीसाठी नव्हे. ती एक हात शोधत होती. तो हात वीस पावलांवर होता आणि तो वह्या धरून जिन्याआड गेला होता. तिने मला तेव्हा पाहिले होते की नाही, हे मी तिला कधी विचारले नाही. आता ती नाही, त्यामुळे विचारताही येणार नाही.

बंधुभगिनींनो, दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण किती वेळा ऐकला आहे! जखमी माणूस रस्त्यात पडलेला आहे, याजक येतो, लेवी येतो, शोमरोनी येतो. पण एक बारीकशी गोष्ट आपल्या ध्यानात राहत नाही. लूकच्या शुभवर्तमानात त्या तिघांनीही जखमी माणसाला पाहिले असे सांगितले आहे. याजकाची दृष्टी अधू नव्हती. पाहण्यात तिघेही सारखेच होते. थांबण्यात वेगळे होते. कदाचित तो याजक पुढे यरीहोला जाऊन त्या जखमी माणसावर सुरेख प्रवचनही देऊ शकला असता. मी नेमके तेच केले होते. आईच्या टोपलीला हात लावला नाही, पण टोपलीवर भाषण केले.

इथे खरा नैतिक प्रश्न आहे. दुसऱ्याचे कष्ट ही माझी प्रेरणा होऊ शकते का? होऊ शकते. पण ती दोन तऱ्हांनी होते आणि बाहेरून पाहिले तर दोन्ही तऱ्हा सारख्याच दिसतात. एकात मी त्या माणसाकडे पाहतो, मला काहीतरी होते आणि मी त्याच्याकडे पुन्हा, अधिक नीट पाहू लागतो. दुसऱ्यात मी त्याच्याकडे पाहतो, मला काहीतरी होते आणि त्यानंतर मी फक्त स्वतःकडे पाहू लागतो. माझे ध्येय, माझी जिद्द, माझे यश! तो माणूस माझ्या शिडीची एक पायरी होतो. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एक कसोटी मांडली. कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. प्रत्येक माणूस स्वतःच एक साध्य आहे. आपल्याला वाटते, ही कसोटी मजुरांची पिळवणूक करणाऱ्या मालकांसाठी आहे. पण एखाद्याच्या दुःखाचे आपल्या भाषणासाठी, निबंधासाठी, मोबाइलवरच्या संदेशासाठी सोने करणे आणि त्या माणसाला विसरून जाणे, हेही त्याला वापरणेच आहे. फरक एवढाच, की इथे आपल्या डोळ्यांत पाणी असते. त्यामुळे आपण काही चुकीचे करतो आहोत हे आपल्या लक्षात येत नाही.

आता त्या मुलाकडे परत येऊ. पुढचे मी त्या दोघांच्या परवानगीने लिहीत आहे. नावे देत नाही. आपला धर्मग्राम लहान आहे, कोणाला ओळख पटली तरी कृपया ओळख दाखवू नये.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या घरी गेला आणि आपला निबंध तिला वाचून दाखवला. ती ऐकत होती. ‘चेहऱ्यावर हसू घेऊन’ हे शब्द आले तेव्हा ती म्हणाली, “हसते कुठली! सकाळचं ऊन समोरून येतं, म्हणून डोळे बारीक होतात माझे.” निःस्वार्थ सेवेबद्दल म्हणाली, “एवढे मोठे शब्द नकोत रे. रात्रपाळीला जादा भत्ता मिळतो म्हणून मी रात्रपाळी मागून घेते. मला खरं तर शिक्षिका व्हायचं होतं.” मुलाचा निबंध तिथेच कोसळला. तीनशे शब्दांतले निम्मे शब्द खोटे निघाले होते.

मग त्याने विचारू नये ते विचारले, किंवा विचारायला हवे तेच विचारले. “काकी, तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?”

तिने त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, “सांगू? तुमच्या बॉलचा.”

ती सकाळी घरी आल्यावर घरातले उरकून अकराच्या सुमारास झोपते आणि तीनला उठते. सुट्टीच्या दिवशी नेमक्या त्याच वेळी गल्लीतली मुले तिच्या खिडकीखाली क्रिकेट खेळतात आणि चेंडू तिच्या पडवीच्या पत्र्यावर आपटतो. खेळणाऱ्यांत आपला निबंधकारही असतो. उलट पत्र्यावर सर्वांत जास्त षटकार त्याचेच! ज्या स्त्रीपासून तो प्रेरणा घेत होता, तिची झोपही तोच मोडत होता. एकीकडे हातात पेन, दुसरीकडे बॅट, आणि दोघांची कधी गाठ पडली नव्हती.

“तुम्ही आम्हाला कधी बोलला का नाही?” त्याने विचारले. ती म्हणाली, “मुलं आहात. खेळणार कधी? आणि तुम्ही कधी विचारलंत?”

त्याने तिसरा मसुदा लिहिला. त्यात थोर शब्द नव्हते. आपण एका व्यक्तीला रोज पाहत होतो, तिच्याबद्दल सुंदर कल्पना करत होतो आणि ती सगळी चुकीची निघाली. ती थकलेली आहे, पैशांची जुळवाजुळव करते आहे, तरी रोज वेळेवर जाते, आणि हे आपल्याला विचारल्यावरच कळले, असे काहीसे त्यात होते. पाठवण्याआधी त्याने तो तिला पुन्हा वाचून दाखवला. तिने एक वाक्य काढायला सांगितले, ते त्याने काढले. ते वाक्य कोणते होते, हे मी विचारले नाही. दुसऱ्याच्या आयुष्यावर लिहिताना शेवटचा शब्द त्याचाच असला पाहिजे, हे त्या मुलाला सतराव्या वर्षी समजले. मला पहिल्या मिस्साच्या मांडवातही समजले नव्हते.

अर्जाचा निकाल अजून आलेला नाही. पण गल्लीतले क्रिकेट आता सुट्टीच्या दिवशी चारनंतर सुरू होते. यासाठी या मुलाला आपल्या मित्रांशी बरेच भांडावे लागले, असे कानावर आले. एक मोटारसायकल अजूनही भर दुपारी त्या खिडकीखाली हॉर्न वाजवते. तिच्या मालकाने हा लेख वाचावा, अशी माझी प्रार्थना आहे.

काही पालक म्हणतील, “फादर, हे सगळं ठीक आहे, पण परीक्षा तोंडावर आली आहे. आत्ता मुलांनी अभ्यास करायचा की गल्लीतल्या लोकांची चौकशी करत फिरायचं? आधी शिकू द्या, पायावर उभे राहू द्या, मग करतील समाजसेवा.” हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर द्यायला हवे.

विसाव्या शतकात सिमोन वेल नावाची एक फ्रेंच तत्त्वज्ञ होऊन गेली. ज्यू घराण्यात १९०९ साली जन्मलेली, शाळेत तत्त्वज्ञान शिकवणारी. कामगारांचे जगणे समजावे म्हणून १९३४-३५ मध्ये तिने स्वतः कारखान्यात मजुरी केली. अवघ्या ३४व्या वर्षी, १९४३ साली तिचे निधन झाले. त्याच्या आदल्या वर्षी तिने शाळेतील अभ्यास आणि ईश्वरावरील प्रेम यांच्या नात्यावर एक छोटा निबंध लिहून आपल्या ओळखीच्या एका डॉमिनिकन धर्मगुरूंकडे सोपवला होता. तिचे म्हणणे असे, की गणिताचे एखादे उदाहरण तासभर झगडूनही सुटले नाही, तरी तो तास वाया जात नाही. त्या तासात आपली अवधान देण्याची शक्ती वाढलेली असते. आणि प्रार्थना म्हणजे तरी काय? आपले पूर्ण अवधान परमेश्वराला देणे. शेजाऱ्यावरील प्रेम म्हणजे तरी काय? दुःखात असलेल्या माणसाकडे पूर्ण अवधानाने वळून, तुला काय होते आहे, असे त्याला विचारता येणे.

म्हणजे अभ्यास आणि शेजारी हे एकमेकांचे शत्रू नाहीत. भौतिकशास्त्राचे उदाहरण सोडवताना उत्तर आपल्या मनासारखे यावे म्हणून आकडे वाकवायचे नसतात. जे आहे ते पाहायचे असते. माणसाकडे पाहतानाही तेच. मुलाने नर्सच्या चेहऱ्यावर हसू पाहिले, कारण त्याच्या निबंधाला ते हवे होते. तिथे ऊन होते. जो मुलगा ऊन आणि हसू यांतला फरक ओळखायला शिकला, तो उद्या डॉक्टर झाला तर रुग्णाचा आजारही नीट ओळखेल. आणि यासाठी वेळ कितीसा लागतो? त्या मुलाचे नर्सशी बोलणे जेमतेम वीस मिनिटांचे झाले.

राहिला ‘आधी शिकू द्या, मग करतील’ हा मुद्दा. माझा अनुभव वेगळा आहे. फलाटावर ज्याने मान वळवली, तो पुढे शिकला, तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, धर्मगुरू झाला. पण त्या टोपलीला हात लावायची संधी पुन्हा आली नाही. काही टोपल्या त्या दिवशीच उचलायच्या असतात.

पालकांना आणखी एक गोष्ट नम्रपणे सांगाविशी वाटते. “आम्ही तुमच्यासाठी एवढ्या खस्ता खातो, याची तरी जाण ठेव,” हे वाक्य या दिवसांत घरोघरी ऐकू येते. आपला हेतू चांगला असतो. परंतु अशाने आपले कष्ट मुलाची प्रेरणा होत नाहीत, ते त्याच्या पाठीवरचे ओझे होतात. कृतज्ञता आणि अपराधीपणा यांत फार फरक आहे. कृतज्ञ मूल आपल्याजवळ येते. अपराधी मूल आपल्याला टाळते, आणि गुण कमी पडले तर घरी यायलाही भिते. मुलांना आपले कष्ट ऐकवू नका, ते त्यांना पाहू द्या. जमले तर त्यांत त्यांचा हातभार लागू द्या. अभ्यासातून दहा मिनिटे उठून त्याने पाण्याचा हंडा उचलला तर त्याची टक्केवारी घसरणार नाही. आणि निकाल काहीही लागला तरी या घराचे दार त्याच्यासाठी उघडे आहे, हे परीक्षेच्या आधीच त्याला एकदा स्पष्ट शब्दांत सांगा.

आता बारावीच्या माझ्या मुलामुलींनो, तुमच्यासाठी. परीक्षेच्या दिवसांत मी तुम्हाला जास्त काही सांगणार नाही. रात्री पुस्तक मिटल्यावर, झोपण्याआधी पाच मिनिटे काढा. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या सहकाऱ्यांना दिवसातून दोनदा मागे वळून त्या दिवसाकडे पाहण्याची सवय लावली होती. तुम्ही एकदाच पाहा. आज मला कोण दिसले? माझ्यासाठी कोणी काय केले? कोण हात शोधत उभे होते? त्यातले एक नाव मनात धरा आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसासाठी एक छोटीशी गोष्ट करा. ती गोष्ट कोणती, हे ठाऊक नसेल तर त्यालाच विचारा. मोठे प्रश्न विचारू नका. ‘त्रास कशाचा होतो?’ एवढे पुरे. उत्तर ऐकून तुम्हाला थोडी लाज वाटली तर घाबरू नका. माझ्या अनुभवाने सांगतो, खरी प्रेरणा पुष्कळदा लाजेच्या रूपानेच पहिल्यांदा दाराशी येते.

आपल्या वसईत आता टोपल्या कमी झाल्या आहेत. वाड्यांच्या जागी इमारती आल्या. पहाटेच्या गाडीला भाजीवाल्या बाया आहेत, पण पूर्वीइतक्या नाहीत. तरी डोक्यावर ओझे घ्यायला एक हात शोधणारी माणसे कमी झालेली नाहीत. ती फलाटावर आहेत, गल्लीत आहेत, कॉलेजच्या मागच्या बाकावर आहेत, कधी आपल्याच घरात पलीकडच्या खोलीत आहेत. ती भाषण करत नाहीत. ती फक्त इकडेतिकडे पाहतात.

येत्या रविवारी सकाळच्या पवित्र मिस्सानंतर परीक्षेस बसणाऱ्या सर्व मुलामुलींसाठी वेदीपाशी खास प्रार्थना होईल. प्रवेशपत्रे आणि पेन बरोबर आणा. आणि येताना वाटेत कोणी काही उचलताना दिसले, तर हात लावून मगच या. उशीर झाला तरी चालेल, मी थांबतो.

तुम्हा सर्वांना परीक्षेसाठी मनापासून आशीर्वाद.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू